शब्दांपलीकडचे शिक्षण : बालकांची अशाब्दिक सामाजिक कौशल्ये आणि सार्वजनिक धोरण

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् शहरापासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर नाचियारकोविल हे गाव आहे. येथे घडणाऱ्या पितळी समया संपूर्ण दक्षिण भारतात प्रसिद्ध असून 'नाचियारकोविल कुत्तुविळक्कु' या नावाने त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बैठक, खांब, तेलाचे ताट आणि शिखर असे समईचे चार भाग वेगवेगळे ओतून, कानसून व चकाकी देऊन एकत्र जोडले जातात. कावेरीच्या खोऱ्यातील बारीक गाळाची माती साच्यासाठी वापरली जाते. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करणाऱ्या पत्तर कारागिरांनी ही विद्या पुस्तकातून घेतलेली नाही. वडिलांच्या शेजारी बसून, त्यांचा हात, भट्टीचा रंग आणि वितळलेल्या धातूची चकाकी न्याहाळत ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली.

अशा कार्यशाळेत शिकणारे मूल धातुकामाबरोबर आणखीही काही शिकत असते. भट्टीसमोरचा माणूस एकाग्र असताना त्याच्याशी बोलू नये, त्याची मान वळताच सांडशी पुढे करावी, दोघे मिळून मूस उचलताना दुसऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरून आपले पाऊल ठरवावे, या गोष्टी त्याला कोणी शब्दांत सांगत नाही. दुसऱ्याचा चेहरा, नजर, हात आणि अंतर यांवरून त्याचा हेतू ओळखणे व आपला हेतू तसाच त्याच्यापर्यंत पोहोचवणे, या क्षमतेला अशाब्दिक सामाजिक कौशल्य असे म्हणतात.

हे कौशल्य पूर्वी कुटुंब, अंगण, खेळ आणि परंपरागत व्यवसाय यांचे सहउत्पादन म्हणून मुलांना विनामूल्य मिळत होते. मुले कार्यशाळेतून शाळेत आली, ही निःसंशय इष्ट घटना आहे. मात्र जे शिक्षण आपोआप मिळत होते त्याची जबाबदारी आता कोणी घ्यावयाची, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा संकल्पनात्मक, आर्थिक व धोरणात्मक अंगांनी विचार केला आहे.

संकल्पना आणि घटक

अशाब्दिक संप्रेषणाचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) चेहऱ्यावरील भाव; (२) नजर व नजरानजर; (३) हातवारे व अंगविक्षेप; (४) शरीराची ठेवण; (५) दोन व्यक्तींमधील अंतर; (६) स्पर्श; (७) आवाजाची पट्टी, गती व विराम; आणि (८) वेळेचे भान, म्हणजे आपली पाळी केव्हा आणि दुसऱ्याची केव्हा याची जाणीव. अंतराच्या सामाजिक वापराचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. जिवलग, वैयक्तिक, सामाजिक आणि सार्वजनिक असे अंतराचे चार पट्टे त्यांनी सांगितले.

परीक्षार्थींनी येथे दोन गैरसमज टाळावेत. संप्रेषणाचा ९३ टक्के भाग अशाब्दिक असतो, हे विधान अनेक मार्गदर्शक पुस्तकांत आढळते. त्याचा उगम आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांत आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर व छायाचित्रातील चेहरा यांवरून आवड किंवा नावड कशी ओळखली जाते, एवढेच तपासले होते. सर्व संभाषणांना ते प्रमाण लावता येत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. दुसरा गैरसमज सांकेतिक भाषेविषयीचा आहे. कर्णबधिर व्यक्तींची भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे. तिची गणना केवळ हातवाऱ्यांत करणे चुकीचे ठरेल. तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे स्वतंत्र संस्था स्थापन केली आहे.

विकासाचे टप्पे

बालक बोलू लागण्यापूर्वी कितीतरी आधी संवाद करू लागते. साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास ते दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आई ज्या वस्तूकडे पाहते तिकडे तेही पाहू लागते; यास समाईक अवधान असे म्हणतात. वर्षाच्या आसपास ते बोट दाखवू लागते. हवी असलेली वस्तू मिळवण्यासाठी दाखवलेले बोट आणि चंद्र किंवा कावळा दुसऱ्यानेही पाहावा म्हणून दाखवलेले बोट, यांत महत्त्वाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात अनुभव वाटून घेण्याची इच्छा असते आणि सामाजिक विकासाचा तो मोठा टप्पा मानला जातो.

या काळात प्रौढांचा प्रतिसाद किती मोलाचा असतो हे दोन प्रयोगांवरून दिसते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगात मातेने काही वेळ तान्ह्या बाळासमोर निर्विकार चेहरा ठेवला. बाळाने हसून, हातवारे करून तिला पुन्हा संवादात ओढण्याचा प्रयत्न केला आणि तो निष्फळ ठरताच ते अस्वस्थ झाले व त्याने तोंड फिरवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात एक वर्षाच्या बालकांना काचेखाली खोलगटपणा दिसणाऱ्या पृष्ठभागावर ठेवण्यात आले. समोर उभ्या मातेचा चेहरा आनंदी असताना १९ पैकी १४ बालके काच ओलांडून गेली; चेहऱ्यावर भीती असताना १७ पैकी एकही गेले नाही. शब्दाविना केवळ चेहऱ्यावरून धोक्याचा अंदाज घेण्याची ही क्षमता पहिल्या वर्षातच आलेली असते.

तीन ते सहा या वयात मूल आनंद, राग, दुःख व भीती हे भाव नावाने ओळखू लागते, पाळी पाळण्यास शिकते आणि खेळात दुसऱ्याची भूमिका घेते. प्राथमिक शाळेच्या वयात संमिश्र भावना, चेष्टा आणि उपरोध यांची समज येते. हा विकास आपोआप होत असला तरी तो शून्यात होत नाही. पाहण्यास चेहरे, अनुकरणास माणसे आणि चुका करण्यास मोकळीक असावी लागते.

संस्कृतीचा संदर्भ

अशाब्दिक संकेतांचा बराच भाग संस्कृतीने ठरतो. मान डोलावण्याचा एकच प्रकार भारतात होकार, समजल्याची खूण किंवा केवळ आदर दर्शवतो. परदेशी पाहुण्यास मात्र तो नकार वाटू शकतो. मूलभूत भावनांचे चेहऱ्यावरील आविष्कार सर्व मानवजातीत समान असतात, असे प्रतिपादन पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील अभ्यासाच्या आधारे केले होते. लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील आढाव्याने मात्र चेहऱ्यावरील हालचाल आणि भावना यांचे नाते संदर्भानुसार बदलते, हे दाखवले. म्हणून मुलांना भावचित्रांचे तक्ते पाठ करून घेण्यास मर्यादित अर्थ आहे.

ज्या कावेरीकाठी नाचियारकोविल वसले आहे, त्या प्रदेशास हावभावांच्या शास्त्राची दीर्घ परंपरा आहे आणि तिच्याशी मराठीचाही संबंध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यम् शिक्षणाचा क्रम बांधला. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी केवळ एक शब्दांचा आहे, ही बाब लक्षणीय आहे. देहाने व्यक्त होणे आणि दुसऱ्याच्या देहातून अर्थ वाचणे ही शिकवता येण्याजोगी विद्या आहे, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी मान्य केले होते. परंतु ती रंगमंचापुरती व ठरावीक समूहांपुरती राहिली. सामान्य बालकाच्या शिक्षणात तिला स्थान मिळाले नाही.

संस्कृतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोणी उभे राहावयाचे, कोणी बसावयाचे, कोणी नजर खाली ठेवावयाची, कोणी कोणापासून किती अंतर राखावयाचे, हे संकेत आपल्या समाजात जात आणि लिंगभाव यांनी दीर्घकाळ ठरवले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली; पण अंतराचे जुने संकेत देहाच्या सवयींत रेंगाळतात आणि मुले ते न सांगताच उचलतात. त्यामुळे मुलींना खाली मान घालण्यास आणि वंचित समूहांतील मुलांना मागे बसण्यास शिकवणे म्हणजे सामाजिक कौशल्य शिकवणे नव्हे. दुसऱ्याचा चेहरा वाचण्याबरोबरच आपला चेहरा निर्भयपणे वर करता येणे, हेही या शिक्षणाचे उद्दिष्ट असले पाहिजे.

अर्थशास्त्रीय विवेचन

अर्थशास्त्रात मानवी भांडवलाचा विचार बराच काळ शालेय वर्षे आणि परीक्षेतील गुण यांपुरता मर्यादित होता. २००० सालचे नोबेल पारितोषिक डॅनियल मॅकफॅडन यांच्यासह मिळवणारे जेम्स हेकमन यांनी हा दृष्टिकोन बदलण्यात मोठा वाटा उचलला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळा प्रकल्प राबवण्यात आला. गरीब कुटुंबांतील १२३ मुलांपैकी सोडत पद्धतीने निवडलेल्या गटास बालशिक्षण देण्यात आले. या मुलांच्या बुद्ध्यंकातील आघाडी काही वर्षांत ओसरली. तथापि, चाळिशीपर्यंत केलेल्या पाठपुराव्यात शिक्षण, रोजगार आणि गुन्हेगारी या बाबतींत त्यांची स्थिती सरस आढळली. हेकमन व सहकाऱ्यांच्या विश्लेषणानुसार या लाभाचा मोठा भाग बुद्ध्यंकातून नव्हे, तर वर्तन व सामाजिक कौशल्यांतील सुधारणेतून आला होता. या गुंतवणुकीवरील सामाजिक परतावा दरसाल सुमारे ७ ते १० टक्के असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

विकसनशील देशांच्या दृष्टीने जमैकातील प्रयोग अधिक उद्बोधक आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंग्स्टन शहरातील, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास एक तास जात आणि मातांना बालकाशी खेळण्यास, बोलण्यास व त्याच्या कृतीला प्रतिसाद देण्यास शिकवत. ही मुले २२ वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. महागडी साधने नसतानाही प्रतिसादाची सवय लागली, हे या प्रयोगाचे सार होय.

श्रमबाजारातील मागणीही याच दिशेने बदलत आहे. डेव्हिड डेमिंग यांच्या २०१७ मधील शोधनिबंधानुसार १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतील एकूण रोजगारात अधिक सामाजिक आंतरक्रिया लागणाऱ्या कामांचा वाटा सुमारे १२ टक्के बिंदूंनी वाढला. यंत्रास जे करता येते त्याचे मोल घटते. एकत्र काम करणाऱ्या माणसांतील समन्वयाचे मोल वाढते. सामाजिक कौशल्ये समन्वयाचा खर्च कमी करतात, हा डेमिंग यांचा मुख्य युक्तिवाद आहे.

समन्वयाचा खर्च म्हणजे काय, याचे मूर्त उदाहरण नाचियारकोविलमध्येच मिळते. येथील विष्णुमंदिरात दगडी गरुडाची मूर्ती आहे. मार्गळि व पंगुनि या तमिळ महिन्यांतील उत्सवांत ती मिरवणुकीने बाहेर काढली जाते. गाभाऱ्याजवळ चार जण ती उचलतात आणि बाहेर येताना मूर्तीचा भार वाढत जाऊन आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट खांदे लागतात, अशी परंपरागत श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक सत्य उरते. चार माणसे परस्परांकडे पाहून पाऊल उचलू शकतात. चौसष्ट माणसांना लय, स्पर्श आणि खांद्यावरील भार यांतूनच एकमेकांचा अंदाज घ्यावा लागतो. समूह जसा मोठा होतो तसा प्रत्येकास सूचना देणे अशक्य होते आणि न बोलता जुळवून घेण्याची क्षमता निर्णायक ठरते.

मग ही क्षमता पुरवणार कोण? बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत कामास ठेवण्यास मनाई केली. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची सवलत मात्र ठेवली. १४ ते १८ वयोगटास धोकादायक कामांत बंदी आहे. भट्टी आणि वितळलेला धातू यांच्याजवळ लहान मुलांचे स्थान नाही, याविषयी दुमत असू नये. मात्र निरीक्षण, सहभाग आणि समूहातील मूक जुळवणी यांतून जे शिक्षण मिळत होते ते शाळेने उचलले नाही तर ती जागा रिकामी राहते. संपन्न कुटुंबे ती छंदवर्ग, नाट्यशिबिरे व समुपदेशक यांच्याद्वारे भरून काढतात. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांच्या मुलांना तो पर्याय नसतो. अशा कौशल्यांचा लाभ केवळ त्या मुलास न मिळता त्याच्या वर्गास, पुढे त्याच्या कामाच्या ठिकाणास व समाजास मिळतो. ही अनुकूल बाह्यता असल्यामुळे केवळ बाजारपेठेवर सोडल्यास त्यांचा पुरवठा अपुरा राहतो. सार्वजनिक हस्तक्षेपाचे समर्थन येथे आहे.

अंगणवाडी व शाळेत काय करता येईल?

या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव मार्गदर्शक आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची उभारणी केली. १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' आकारास आली. घरी वारली बोलणाऱ्या मुलासमोर प्रमाण मराठी बोलणारी शिक्षिका उभी राहते, तेव्हा पहिला पूल शब्दांचा असू शकत नाही. तिचे हसू, खाली बसणे आणि हाताने दाखवणे हाच तो पूल असतो. आज स्थलांतरित कामगारांची मुले परभाषिक राज्यांतील शाळांत जात असताना हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

प्रत्यक्ष उपाययोजना खर्चिक नाहीत. त्या पुढीलप्रमाणे मांडता येतील :

(अ) बैठक व्यवस्था : रांगेत बसलेल्या मुलास पुढच्या मुलाचे डोके दिसते, चेहरा दिसत नाही. तमिळनाडूत २००३ मध्ये चेन्नई महानगरपालिकेच्या काही शाळांत सुरू झालेल्या आणि २००७ पासून राज्यभर नेलेल्या कृतिआधारित अध्ययन पद्धतीत मुले व शिक्षक जमिनीवर गटाने बसत. २०२५ मध्ये त्याच राज्यात बाके तमिळ लिपीतील 'प' या अक्षराच्या आकारात, म्हणजे तीन बाजूंनी मांडण्याच्या सूचनेवर बरीच चर्चा झाली. अशी रचना फळ्याच्या दृष्टीने गैरसोयीची होत असेल तर दिवसातील एखाद्या तासिकेपुरती तरी गोलाकार बैठक शक्य आहे.

(आ) खेळ : 'मामाचं पत्र हरवलं' या खेळात रुमाल आपल्या मागे पडला की नाही, हे मुलास समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखावे लागते. याच धर्तीचा 'कुलै कुलैया मुंदिरिक्का' हा खेळ तमिळ मुले खेळतात. 'शिवाजी म्हणतो', आंधळी कोशिंबीर, लंगडी, मूकाभिनय यांतून अवधान, अनुकरण, अंतर व पाळी यांचा सराव होतो. खेळाची तासिका अन्य विषयास देणे म्हणजे हा अभ्यासक्रमच रद्द करणे होय.

(इ) सहभोजन : तमिळनाडूने १९८२ मध्ये व्यापक स्वरूपात राबवलेली मध्यान्ह भोजन योजना देशास मार्गदर्शक ठरली. सध्या केंद्राची योजना 'पीएम पोषण' या नावाने चालते. जेवणासाठी रांगेत थांबणे, वाढणे, शेजाऱ्याचे ताट रिकामे झाल्याचे लक्षात घेणे, सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीस बसणे, हे सर्व सामाजिक शिक्षणच आहे. योग्य मार्गदर्शन असेल तर त्यासाठी वेगळा रुपयाही लागत नाही.

(ई) गोष्ट आणि चित्र : गोष्ट सांगताना मधेच थांबून 'या ससुल्याला आता काय वाटत असेल? कशावरून ओळखले?' असे विचारावे. उत्तरापेक्षा 'कशावरून' या प्रश्नाचे मोल अधिक आहे.

(उ) प्रौढांचे वर्तन : आल्बर्ट बंडुरा यांच्या सामाजिक अध्ययन सिद्धान्तानुसार मुले निरीक्षणातून शिकतात. मुलाशी त्याच्या उंचीवर येऊन बोलणारी सेविका शिष्टाचाराचा धडा न देताच तो शिकवत असते. ओरडून 'शांत बसा' म्हणणारा शिक्षक शब्दांनी एक आणि आवाजाने दुसरेच शिकवतो.

(ऊ) पडद्याचा मर्यादित वापर : कॅलिफोर्नियातील २०१४ च्या एका अभ्यासात सहावीतील ५१ मुले पाच दिवस पडद्याविना निसर्गशिबिरात राहिली. चेहऱ्यावरील व देहबोलीतील भाव ओळखण्यात त्यांची प्रगती शाळेतच राहिलेल्या ५४ मुलांच्या तुलनेत अधिक आढळली. नमुना लहान असल्याने निष्कर्ष सावधपणे घ्यावा. पण दिशा स्पष्ट आहे.

मागे पडणारे मूल

काही मुलांना हे संकेत वाचणे विशेष कठीण जाते. ती फार जवळ उभी राहतात, मोठ्याने बोलतात, खेळात केव्हा शिरावे हे त्यांना उमगत नाही आणि हळूहळू ती एकटी पडतात. स्टीफन नोविकी व मार्शल ड्यूक या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अशा अडचणीस 'डिसेमिया' हे नाव दिले. हे वैद्यकीय निदान नसून वर्णन आहे. अशा मुलास सरावाने, सौम्यपणे आणि खासगीत मार्गदर्शन केल्यास सुधारणा होऊ शकते, हा त्यांच्या मांडणीचा आशादायक भाग आहे.

काही मुलांबाबत कारण वेगळे असू शकते. नावाने हाक मारल्यावर न वळणारे मूल कमी ऐकत असेल. वर्षभरानंतरही बोट न दाखवणारे मूल स्वमग्न असू शकेल. घरी 'हट्टी' आणि शाळेत 'मंद' असा शिक्का बसल्याने मौल्यवान वर्षे वाया जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी तपासणी केली जाते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी तिची रचना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य दिव्यांगत्वांची संख्या ७ वरून २१ केली आणि स्वमग्नतेचा त्यात स्पष्ट समावेश केला.

एक दक्षता आवश्यक आहे. अनेक स्वमग्न व्यक्तींना नजरानजर त्रासदायक वाटते. 'माझ्याकडे पाहा' अशी सक्ती करून मूल इतरांसारखे 'दिसू' लागते, पण त्याचा ताण वाढतो. अशा वेळी मुलास बदलण्याबरोबर वर्गास समजूतदार करणे, चित्रपट्ट्या किंवा अन्य माध्यमांतून व्यक्त होण्याचा त्याचा मार्ग मान्य करणे, हेच योग्य होय. सामाजिक कौशल्य ही दोन्ही बाजूंची जबाबदारी आहे.

धोरणात्मक चौकट

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूर्वप्राथमिक शिक्षण ही तिच्या सहा सेवांपैकी एक असून देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ अन्वये ६ ते १४ वयोगटास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मात्र अनुच्छेद ४५ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून राहिले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये बालकास भय व चिंता यांपासून मुक्त ठेवून मोकळेपणी व्यक्त होण्यास साहाय्य करण्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आणि संवेदनशीलता, शिष्टाचार, सहकार्य व संघभावना यांचा बालशिक्षणाच्या उद्दिष्टांत समावेश केला. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. महिला व बाल विकास मंत्रालयाने २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' उपक्रम आणि २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' व तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हे आराखडे आणले.

चौकट पुरेशी आहे. अडचण अंमलबजावणीत आहे. अंगणवाडी सेविकेवर पोषण, नोंदी, सर्वेक्षण व लसीकरण साहाय्य यांचा भार आहे. दिवसाचा मोठा भाग नोंदवही व मोबाईल यांत गेला तर मुलांकडे पाहण्यास वेळ उरत नाही, आणि अशाब्दिक संवादाचा पायाच पाहणे हा आहे. दुसरी अडचण मापनाची आहे. जे मोजता येते तेच शिकवले जाते, हा शिक्षणव्यवस्थेचा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणून हावभावांना गुण देऊ लागलो तर बुजऱ्या मुलावर नवा अन्याय होईल. मुलांची परीक्षा घेण्याऐवजी व्यवस्थेची परीक्षा घ्यावी : एका सेविकेमागे मुले किती, खेळास वेळ किती, बैठक कशी, तपासणीत आढळलेल्या मुलांपैकी उपचारापर्यंत किती पोहोचली, हे मोजावे.

समारोप

नाचियारकोविलच्या कार्यशाळेत मूल जे न सांगता शिकत होते, ते आज अंगणवाडीत व शाळेत शिकवता येणे शक्य आहे. तेही भट्टीच्या धोक्याविना आणि कोणत्याही जातीच्या मुलास. त्यासाठी मोठ्या खर्चाची नव्हे, तर मुलांकडे पाहणाऱ्या प्रौढांची आणि त्यांना पाहण्यास वेळ देणाऱ्या व्यवस्थेची गरज आहे. साक्षरतेने मुलास पुस्तक वाचता येते. माणूस वाचता येणे हा त्याच साक्षरतेचा दुसरा अर्धा भाग होय. पहिल्या भागाचा हक्क आपण कायद्याने दिला आहे. दुसरा भाग केवळ संपन्न घरांची मिरास राहू नये, हे पाहणे सार्वजनिक धोरणाचे कर्तव्य आहे.

सरावासाठी प्रश्न

१. 'सामाजिक कौशल्ये समन्वयाचा खर्च कमी करतात.' हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.

२. बालशिक्षणातील गुंतवणुकीस अनुकूल बाह्यता असते, असे का म्हटले जाते? पेरी व जमैका प्रकल्पांच्या संदर्भात चर्चा करा.

३. अनुच्छेद २१-अ व अनुच्छेद ४५ यांतील फरक सांगून सहा वर्षांखालील बालकांच्या शिक्षणावर त्याचा काय परिणाम होतो, ते लिहा.

४. सामाजिक कौशल्यांचे शिक्षण आणि आज्ञाधारकपणाचे शिक्षण यांतील भेद जात व लिंगभाव यांच्या संदर्भात विशद करा.